उत्तरेस कडब्याची गंजी

माझ्या लग्नातल्या आतषबाजीला आप्पांनी सोळा आण्यांपैकी साडेपाच आणे दिले होते. तोंडी नव्हे, लेखी. सासऱ्यांनी हौसेनं सुरतेहून माल आणवला होता. वरात दारात आली, बाण सुटले, बायका कानांत बोटं घालून हसायला लागल्या, वऱ्हाडी माना वर करून उभे राहिले, आणि आप्पा मांडवाच्या खांबाला टेकून वहीत काहीतरी टिपत होते. मला वाटलं, आहेर लिहून घेतायत. तिसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. ‘रंग पुरेसा. उंची बेताची. दोन बाणांमधील अंतर बेशिस्त. एकूण कार्य घाईत उरकल्यासारखे.’ शेवटचं वाक्य आतषबाजीबद्दल होतं की लग्नाबद्दल, हे मी अजून बायकोला विचारलेलं नाही.

आप्पा शहाद्यात कचेरीसमोर बसून दस्त लिहायचे. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, जे येईल ते. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान त्यांच्या पत्र्याच्या शेडला लागून होतं. त्यांनी सांगायचं आणि मी बडवायचं, असा आमचा संसार आठ-नऊ वर्षं चालला. दस्तात जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला वगैरे. त्याला चतुःसीमा म्हणतात. बाकीचे लेखक हे समोरच्या पक्षकाराला विचारून मोकळे होत. आप्पा स्वतः बांधावर जाऊन उभे राहत. एकदा एका माणसाला त्यांनी दीड दिवस ताटकळत ठेवलं, कारण उत्तरेकडचं बाभळीचं झाड त्याच्या म्हणण्याप्रमाणे जिवंत होतं आणि आप्पांच्या पाहणीप्रमाणे वाळलेलं. झाड विकायचं नव्हतंच. पण दस्तात वाळलेलं झाड हिरवं लिहायचं म्हणजे आप्पांना मेलेल्या माणसाचा अंगठा घेतल्यासारखं वाटायचं.

या दस्ताच्या भाषेनं त्यांना आतून पोखरलं होतं. आमच्याकडे सगळा गाव अहिराणीत बोलतो. मराठी शाळेत आणि कचेरीत, तीही चप्पल काढून आत गेल्यासारखी. आप्पा मात्र चोवीस तास छापील बोलायचे. चहावाला विचारायचा, “आप्पा, चहा लेतस का?” आणि हे म्हणायचे, “सदर चहा साखरेविना असल्यास घेईन.” मी एकदा काकूंना विचारलं, घरी तरी नीट बोलतात का? काकू म्हणाल्या, “घरमा बी असंच शे, दादा. मन्हा बापनी माले मानूसले नही, कचेरीले दिधं.”

असा माणूस आतषबाजीच्या नादी कसा लागला, हे मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, “कारणाचा रकाना सगळ्या दस्तांत नसतो.” स्वतः त्यांनी कधी फुलबाजीही पेटवली नाही. त्यांना फक्त बघायचं असे, आणि बघून झाल्यावर निकाल द्यायचा असे. पुढे हातात मोबाईल आला आणि निकाल द्यायला सगळं जग मोकळं झालं.

ग्रुप त्यांनीच काढला. नाव ठेवलं ‘शोभेची दारू, नंदुरबार जिल्हा’. पहिल्या आठवड्यात धडाधड माणसं आली. त्यातली चौघं वेगळ्याच अपेक्षेनं आली होती. खुलासा झाल्यावर दोघं निघून गेली, दोघं शोभेवर समाधान मानून राहिली. नियम दोनच. एक, ग्रुपवर फक्त आतषबाजीचे व्हिडिओ टाकावेत. दोन, पहिल्या नियमाबद्दल चर्चा करू नये.

अर्थातच ग्रुपवर आतषबाजी सोडून सगळं चालायचं. कुणी गावच्या जत्रेतला व्हिडिओ टाकायचा आणि खाली सुरू व्हायचं: हा मागे उभा आहे तो तुमचा मेहुणा का? त्याच्या गुडघ्याचं काय झालं? आमच्याकडे तीन दिवस लाईट नाही. केळीला भाव नाही. तुमच्याकडे थंडी पडली का? तोरणमाळ गाडीवरचा एक कंडक्टर होता, तो घाटातून दिसणाऱ्या विजांचे व्हिडिओ टाकायचा आणि त्याखाली न चुकता लिहायचा, ‘सात नंबर वळण, गाडी गरम झाल्यामुळे थांबलो आहे.’ विजा आतषबाजीत धराव्यात की नाही यावर ग्रुपमध्ये तीन दिवस वाद झाला. शेवटी आप्पांनी निर्णय दिला: “निसर्गास परवाना लागत नाही, सबब निकालही नाही.” एकदा कुणीतरी परदेशातल्या उंच मनोऱ्यावरची नवीन वर्षाची आतषबाजी टाकली. सगळा ग्रुप तोंडात बोट घालून बसला. आप्पांनी आठ आणे दिले. शेरा: ‘पैसा दिसतो. माणूस दिसत नाही. चतुःसीमा अनुपलब्ध.’

ग्रुपचे दोन खांब. एक नंदुरबारचा रफिकभाई. तो पत्र्याच्या पेट्या बनवतो. त्याचे आजोबा लग्नांसाठी शोभेची दारू तयार करायचे, त्यामुळे तो स्वतःला घराणेदार समजायचा आणि आप्पांशी कायद्यानं भांडायचा. दुसरी धानोऱ्याची मंगलाताई. नवरा नाही, घरामागं खळं, खळ्यात दोन म्हशी, त्यांच्या दुधावर घर चाललेलं. तिच्या गच्चीवरून अर्धा गाव दिसायचा. गावात कुणाचं लग्न असो, नवस फिटो, की कुणी निवडून येवो, बाण सुटला की मंगलाताईचा मोबाईल वर. ती व्हिडिओ टाकायची आणि पाठोपाठ म्हशीची तब्येतही कळवायची. आप्पांनी तिच्या व्हिडिओला बारा आणे दिले की तिचा आवाज यायचा, “आप्पा, चार आना कथा कापनात ते सांगा.” आणि चार आणे कुठे कापले ते आप्पा खरंच सांगायचे. लेखी.

गंमत म्हणजे या लोकांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. फोटो सगळ्यांनी देवांचे लावलेले. त्यामुळे तीन-चार वर्षं खंडोबा महादेवाला विचारत होता, मुलीचं जमलं का?

आप्पांची बघायची एक पद्धत होती. व्हिडिओ तीनदा पाहायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त आवाज. तिसऱ्यांदा दोन्ही. मग निकाल सांगायचा, तो मी टाईप करायचा, कारण मोबाईलवर लिहायला त्यांना आवडत नसे. म्हणायचे, “बोटाखाली अक्षर दिसत नाही. जे दिसत नाही ते मी लिहीत नाही.” निकालाचा साचा ठरलेला. आधी चतुःसीमा, म्हणजे व्हिडिओत कुठल्या बाजूला काय दिसतं. मग रंग, उंची, आवाज. मग आणे. शेवटी मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं, कारण दस्त वाचून दाखवल्याशिवाय पुरा होत नाही. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी हे काम असे. त्याचा मोबदला म्हणून आप्पा मला ग्रुपचा ‘सहलेखक’ म्हणायचे. मी मनात त्यांना काय म्हणायचो ते इथे नको.

तुळशीचं लग्न लागून महिना झाला असेल. धानोऱ्यात एक मोठं लग्न होतं. संध्याकाळचे पावणेआठ वाजत आले होते, मी शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात मंगलाताईचा व्हिडिओ आला. ‘जेवाले चालनू, नंतर बोलसू’ एवढं लिहून ती गायब. व्हिडिओ चांगला तीन मिनिटांचा होता. नवरदेवाच्या गच्चीवरून बाण सुटत होते, आणि मंगलाताई उत्साहाच्या भरात मोबाईल चारी बाजूंना फिरवत होती.

आप्पांनी पाहिला. आवाज बंद करून. मग डोळे मिटून. मग दोन्ही. मला घरी जायचं होतं. बायकोनं खिचडी टाकली होती आणि तसा फोनही आला होता. मी म्हटलं, “आप्पा, सांगा पटकन.”

आप्पांनी घसा साफ केला. “लिही. पूर्वेस नवरदेवाचे दुमजली घर, रोषणाईसह. पश्चिमेस पिठाची गिरणी, भिंत पांढरी. उत्तरेस मंगलाताईंचे खळे, त्यात कडब्याची गंजी, पेटलेली.”

मी टाईप केलं, पूर्णविराम दिला, आणि विचारलं, “दक्षिणेस?”

“दक्षिणेस गावरस्ता. रंग उत्तम. हिरवा विशेष. उंची समाधानकारक. आवाजात ढोलामुळे व्यत्यय. एकूण तेरा आणे.” मंगलाताईला आजवर मिळालेला हा सर्वांत मोठा निकाल होता. “वाच.”

मी वाचायला लागलो. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, उत्तरेस मंगलाताईंचे खळे, त्यात कडब्याची गंजी, पेटलेली.

तिथं माझा आवाज थांबला. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून ‘सदर’सुद्धा बाहेर येत नव्हतं.

मग आम्ही दोघांनी जे केलं त्याला धावपळ म्हणतात, पण दुकानातल्या दुकानात. मंगलाताईला फोन लावला, वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. पंगतीत बसलेली, कानाशी बँड. ग्रुपवर टाकलं, ‘आग! आग!’ त्यावर दोघांनी हसरे चेहरे पाठवले आणि एकानं लिहिलं, ‘एक नंबर व्हिडिओ.’ रफिकभाईला फोन लागला. त्याला कळायला एक क्षण लागला, मग तो म्हणाला, “निकलता मैं,” आणि फोन तसाच चालू ठेवून पळाला. त्याच्या चपलांचा आवाज येत राहिला. पण नंदुरबारहून धानोऱ्याला पोचायचं म्हणजे वेळ लागणार. गावातला तर आमच्याकडे एकही नंबर नव्हता. चार वर्षं त्या गावातला एकेक विजेचा खांब आम्ही लेखी नोंदवला होता, पण एका माणसाचा नंबर घेतला नव्हता.

आप्पांनी मोबाईल माझ्या हातून ओढून घेतला. व्हिडिओ मागं नेला, पुढं नेला, एका ठिकाणी थांबवला. पांढरा बाण फुटला होता आणि त्याच्या उजेडात गिरणीची भिंत लख्ख दिसत होती. भिंतीवर रंगवलेलं होतं: दळण, शेवया, मिरची कांडप. खाली दहा आकडे. “लाव,” आप्पा म्हणाले आणि एकेक आकडा सांगायला लागले. शेवटचा आकडा तीन की आठ ते कळेना. आधी तीन लावला. कुठलातरी माणूस शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “रॉंग नंबर, पण बघा लवकर.” मग आठ लावला. मागं गिरणीची घरघर ऐकू आली.

गिरणीवाला होता म्हणून झालं. त्यानं आरडाओरडा केला, पंगतीतली माणसं भरल्या हातानं उठली, कुणी मोटर चालू केली, कुणी म्हशींचे दोर कापले. गंजी निम्म्यावर जळून गेली. दोन्ही म्हशी वाचल्या. थोरलीचा एक कान मात्र चांगलाच भाजला. रफिकभाई पोचला तेव्हा धूर निघत होता आणि मंगलाताई अंगणात बसून होती. त्यानं मला फोन करून सांगितलं, “रो नहीं रही. भैंस के कान को घी लगा रही है.”

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मंगलाताईचा आवाज आला. बसलेला, खरखरीत. आप्पांनी नंबर शोधला म्हणून म्हशी वाचल्या, आप्पा देवमाणूस आहेत, आप्पांसारखी नजर कुणाची नाही. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. रफिकभाईनं जाहीर करून टाकलं, “आप्पा का सत्कार होना मंगता. धानोरे में. मंगलाताई के आंगन में.” शाल, श्रीफळ, सगळं ठरलंसुद्धा. आपल्याकडे माणूस बुडताना पाण्यात उडी मारायला कुणी मिळो न मिळो, वाचला की शाल घेऊन दहा जण उभे असतात.

आप्पा मात्र गप्प झाले. दहा दिवसांत ग्रुपवर पाच-सहा व्हिडिओ आले, एकाचाही निकाल नाही. दस्ताचं काम करायचे, पण चतुःसीमा आली की थांबायचे आणि पक्षकाराला म्हणायचे, “तुम्हीच सांगा.” अकराव्या दिवशी त्यांनी एक मुद्रांक माझ्यापुढे ठेवला. “टाईप कर,” म्हणाले. “चूक दुरुस्ती लेख.”

चूक दुरुस्ती लेख हा खरा दस्त आहे. आधीच्या दस्तात नाव, गट नंबर, दिशा काही चुकलं असेल तर तो करतात. आप्पांनी सांगायला सुरुवात केली: ‘लिहून देणार याने दिनांक मजकुरी सदर आग प्रथम पाहणीतच पाहिली. परंतु ती आग आहे हे न उमगता ती उत्तर दिशा आहे असे समजला. व्हिडिओ आल्यापासून पहिला फोन करीपर्यंत अकरा मिनिटे गेली. सदर विलंबास लिहून देणार हा एकटा जबाबदार आहे.’

दस्ताच्या शेवटी ‘टंकलिखित करणार’ अशी ओळ असते. मी सवयीनं तिथं माझं नाव टाकलं. आप्पा म्हणाले, “ते काढ.”

“पण टाईप तर मीच—”

“काढ. चूक एकाच नावावर असावी. दोन नावे आली की वाटणी सुरू होते.”

मी काढलं. आजवरच्या टायपिंगच्या धंद्यात कुठलीही ओळ मी इतक्या चपळाईनं पुसलेली नाही.

सत्काराला आप्पा ट्रॅक्टरवर बसून आले. कारखान्याचा हंगाम सुरू होता. पुरुषोत्तमनगरच्या बाजूला ऊसतोड्यांकडून त्यांनी ट्रॉलीभर वाढे घेतले होते, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. म्हशींना तो चारा चालतो. त्या ढिगावर पांढरं धोतर, कोट आणि मांडीवर कागदाची पिशवी घेऊन आप्पा बसलेले, आणि मागं मोटरसायकलवर धूळ खात मी. धानोऱ्यात शिरल्यावर लोक थांबून बघायला लागले. उत्सवमूर्ती चाऱ्यावर बसून येते, हे त्यांनाही नवीन होतं.

अंगणात सतरंजी, दोन खुर्च्या, माईक. तीस-चाळीस माणसं. मंगलाताई चाळिशीची, उंच, कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात घाईघाईनं धुऊन आलेली. रफिकभाईनं आप्पांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. आप्पांनी शाल काढली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि पिशवीतून मुद्रांक काढला.

लोकांना वाटलं भाषण आहे. पहिल्या दोन ओळींना टाळ्यासुद्धा पडल्या, कारण भाषा भारी होती. मग हळूहळू अर्थ पोचत गेला तशा टाळ्या थांबल्या. आप्पा वाचत होते, ‘सदर आग प्रथम पाहणीतच पाहिली. परंतु—’ तिथं त्यांचा आवाज अडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडला.  मग त्यांनी कागद खाली घेतला आणि मंगलाताईकडे बघून बोलले. आठ-नऊ वर्षांत मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा अहिराणी ऐकली.

“बहीन, माले आग दखायनी व्हती. आग दखायनी, आनि मी दिशा सांगत बठनू. तुन्ही म्हैस जयी ऱ्हायंती, आनि मी तुले तेरा आना दी ऱ्हायंतू.”

 मंगलाताईनं त्यांच्या हातातला कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. “अकरा मिनिट?” तिनं विचारलं.

“अकरा.”

“अकरा मिनिट पहिले कळतं, तर कान वाचता का?”

आप्पा म्हणाले, “वाचता.”

तिनं उगीच ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. मला ते फार आवडलं, आणि फार भीतीही वाटली. तेवढ्यात मागून गिरणीवाला उभा राहिला. तोही खरं तर सत्काराला पात्र होता, पण त्याच्यासाठी शाल आणली नव्हती. तो खाली मान घालून म्हणाला, “मी बी एक सांगू का? फोन उना तवय डबानं दयन अर्धं व्हयेल व्हतं. म्हनं, उतारी लेऊत, मंग पयूत.” म्हणजे अर्धा डबा पीठ पुरतं पाडून मगच तो धावला होता. त्याच्यावर लोक ओरडणार, तोच नवरदेवाचा बाप उठला. रॉकेट बाटलीत न ठेवता हातातून सोडायची हौस त्याचीच होती. आतापर्यंत त्यानं ‘भाच्याच्या हातून सुटलं’ असं गावभर सांगितलं होतं, आणि भाच्यानं मुकाट ऐकून घेतलं होतं. शेवटी मंगलाताई स्वतःच म्हणाली, “गच्चीवर माले पाठमांगे उजेड दखायना. मी म्हनं, कितला भारी माल लयेल शे!”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, मंगलाताईसुद्धा, डोळे पुसत. सत्काराची कबुलीसभा झाली होती. आपल्या समाजाचा हा गुण मोठा आहे. पहिला माणूस खरं बोलायला लागला की नंतर रांग लागते, अट एवढीच, की तो पहिला दुसऱ्या गावाहून यावा.

त्या रांगेत मी नव्हतो. ‘दक्षिणेस?’ असं विचारणारा मीच होतो. मी पुढं होऊन म्हणू शकलो असतो, की ‘पेटलेली’ हा शब्द आप्पा बोलले पण लिहिला मी, या दोन हातांनी, आणि मला खिचडीची घाई होती. पण सगळे हसत होते, छान चाललं होतं, आणि दस्तात माझं नाव नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या.

मंगलाताईनं खुर्चीवरची शाल उचलून पुन्हा आप्पांच्या अंगावर टाकली. “राहू द्या. थंडी शे,” म्हणाली. “आनि चारा कथा उतारना ते मी दखाडस.” मग आप्पांनी त्याच शालीत ट्रॉली रिकामी करू लागायचा हट्ट धरला आणि पहिल्याच भाऱ्याला कंबर धरून बसले. पुढं हंगाम संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी ते वाढे पाठवत राहिले. ग्रुप पुन्हा सुरू झाला. निकाल येऊ लागले, पण साचा बदलला. आता पहिली ओळ असायची, ‘सर्व सुखरूप काय?’ आणि तिचं उत्तर आल्याशिवाय आप्पा पुढचं सांगत नसत. त्यामुळे निकालाला कधी कधी दोन दिवस लागायचे. लोक वैतागायचे. पण उत्तर द्यायचे.

मागच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. दहाव्याला ग्रुपमधली वीस-पंचवीस माणसं आली. सत्काराला धानोऱ्यात भेटलेले सोडले तर कुणी कुणाला चेहऱ्यानं ओळखत नव्हतं. सगळे मांडवात परक्यासारखे लांब लांब बसलेले. मग एकानं पाणी मागितलं, आणि पलीकडचा चमकून म्हणाला, “तुम्ही सात नंबर वळण ना?” आवाज ओळखीचे होते. हळूहळू एकेक माणूस आवाजावरून सापडत गेला, आणि थोड्या वेळानं ते सगळे एका कोपऱ्यात गोळा होऊन गुडघ्यांबद्दल, केळीबद्दल आणि लाईटीबद्दल बोलायला लागले.

मंगलाताई एका बाजूला काकूंजवळ बसली होती. ती उठून हात धुवायला आली तेव्हा मी तिला गाठलं. का कुणास ठाऊक, तिथंच नळाजवळ उभं राहून सगळं सांगितलं. आप्पांनी ‘पेटलेली’ म्हटलं तेव्हा टाईप करणारा मी होतो. पुढची दिशा मी विचारली. मला घरी जायची घाई होती.

तिनं नळ बंद केला. “टायपिंग तू कयं?”

“हो.”

“आप्पानी तर माले सांगं व्हतं, त्या दिवस दुकानमा दुसरं कोनी नव्हतं. मी इचारं व्हतं त्यासले, चारा लई उनात तवय. म्हनेत, मी एकलाच व्हतू.”

 वाळलेल्या बाभळीसाठी पक्षकाराला दीड दिवस ताटकळत ठेवणारा माणूस. मी म्हटलं, “ते खरं नव्हतं.”

मंगलाताईनं पदराला हात पुसले. रागावली होती की नाही, मला सांगता येणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, “माले सांगं ते सांगं. आते दुसरा कोनले सांगू नको. मरेल मानूसले खोटा पाडू नही.”

मी मान हलवली. तिला दिलेला शब्द मी पाळला आहे. आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. लिहिलंय फक्त.